हें मुलांना शिकवावें कीं नाहीं?

शाळेच्या हजेरीपटावर एका नांवापुढें ओळीनें पुष्कळ दिवस गैरहजेरीच्या खुणा पडल्या, म्हणजे वर्गशिक्षकानें तें नांव तांबड्या शाईनें खोडावें, असा आमच्या वेळीं परिपाठ होता. १९९१ सालच्या पावसाळ्यांत मावळांतल्या एका माध्यमिक शाळेंत नववीच्या वर्गाचा हजेरीपट माझ्याकडे होता, आणि त्यांतील एका मुलीचें नांव मीं असेंच खोडलें. मुलगी हुशार होती. संस्कृताचीं रूपें तिला चटकन् पाठ होत. कोणी म्हणालें, तिला मुंबईस चांगल्या घरीं कामाला नेलें. कोणी म्हणालें, तिचें लग्न झालें. मीं ‘बरें’ म्हटलें आणि पुढच्या नांवाकडे वळलों. कोणीं नेलें, कोठें नेलें, तिच्या मनांत जावयाचें होतें कीं नव्हतें, यांपैकीं एकही प्रश्न मीं विचारला नाहीं. या गोष्टीस आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ती कदाचित् सुखांत असेल. पण मला तें ठाऊक नाहीं, आणि ठाऊक करून घेण्याची वेळ मीं माझ्याच हातानें दवडली, एवढें मात्र मला पक्कें ठाऊक आहे.

सेवानिवृत्त मनुष्याला दोनच कामें उरतात, असें आमचे एक स्नेही म्हणत: औषधें वेळेवर घेणें आणि सल्ला अवेळीं देणें. दुसऱ्या कामापासून मला सोडवावें म्हणून कीं काय, दोन वर्षांपूर्वीं लोणावळ्याकडील एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापिकाबाईंनीं मला बोलावून घेतलें. त्या म्हणाल्या, “गुरुजी, शनिवारचा एक तास नववी-दहावीच्या मुलांसाठीं द्या. विषय मात्र सुभाषितांचा नाहीं. घरांत होणारी मारहाण आणि माणसांची चोरटी खरेदी-विक्री, यांविषयीं मुलांशीं बोलायचें आहे. समुपदेशक बाई तुमच्याबरोबर असतील. पण पालक तुम्हांला ओळखतात. तुम्ही बोललांत तर ते ऐकून घेतील.”

हा बेत मीं घरीं सांगितला, तेव्हां जेवतांना जी चर्चा झाली ती या मासिकाच्या वाचकांच्या घरींही होईल, म्हणून ती अगोदर सांगतों. वडील बंधु म्हणाले, “कोवळ्या मुलांच्या कानांवर असले विषय कशाला घालायचे? नको तें कळलें कीं नको तें सुचतें.” वहिनी म्हणाल्या, “घरांतल्या गोष्टी चारचौघांत काढायला मुलें शिकलीं, म्हणजे घर राहतें का?” माझी नात अकरावींत आहे. ती ताटाकडे पाहत म्हणाली, “आजोबा, आमच्या फोनवर हें सगळें रोज येतें. त्यांतलें खरें काय, हें सांगायला मात्र कोणी येत नाहीं.” त्या रात्रीं मीं जावयाचें ठरविलें.

मावळचें बदललेलें रूप

ज्यांनीं मावळ केवळ आगगाडीच्या खिडकींतून पाहिलें, त्यांना धबधबे, लोहगड-विसापूर, कार्ल्या-भाज्याचीं लेणीं आणि लोणावळ्याची चिक्की एवढेंच मावळ परिचित असतें. तालुक्याचें ठाणें वडगांव. पण खरी वस्ती आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांतून विखुरलेली आहे. भातशेती हा मूळचा धंदा, आणि डोंगराच्या कडेनें ठाकर, महादेव कोळी व कातकरी यांच्या वाड्या. १८५८ सालीं पुणें-खंडाळा आगगाडी सुरू झाली, १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा झाला, आणि लोणावळें हें मुंबईकरांचें हवा खाण्याचें ठिकाण बनलें. १९७८ पासून पुणें-लोणावळा लोकल धांवूं लागली. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला. जमिनी विकल्या गेल्या, बंगले उठले, हॉटेलें झालीं, तळेगांवच्या बाजूस कारखाने आले. जमिनीचा पैसा कांहीं घरांत जसा एकदम आला, तसाच तो बाटलीच्या वाटेनें एकदम गेलाही. आणि जातांना त्या घरांतील बायकांच्या अंगावर वळ ठेवून गेला.

दळणवळण वाढलें कीं माल हलतो आणि मालाबरोबर माणसेंही हलतात. यांत वावगें कांहीं नाहीं. शिकावयास व पोटासाठीं माणसें नेहमींच घाट उतरत आलीं आहेत. परंतु ज्या वाटेनें मुलगा कॉलेजांत जातो, त्याच वाटेनें ‘काम लावून देतों’ म्हणणारा मनुष्यही वाडीपर्यंत येतो. पावसाळा सरतांच कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुकादम त्यांना भर पावसाळ्यांत, म्हणजे घरांत दाणा नसतो नेमक्या त्या वेळीं, आगाऊ रक्कम देऊन ठेवतो. त्या उचलीपायीं सबंध कुटुंब उन्हाळा संपेपर्यंत राबतें. हिशेब मुकादमाच्या वहींत असतो, आणि देणें फिटलें असें ती वही सहसा म्हणत नाहीं. मुलाचें नांव शाळेच्या पटावर असतें आणि मूल चिखल तुडवीत असतें. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें असें ऋण रद्द ठरविलें आहे. त्या कायद्याला ठाणें जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांत खरा अर्थ आला तो १९८० नंतरच्या दशकांत, विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनें वेठींतलीं माणसें प्रत्यक्ष सोडविलीं तेव्हां. कायदा पुस्तकांत असणें आणि वाडींत असणें, यांत एवढें अंतर असतें.

शुनःशेपाची गोष्ट

पहिल्या शनिवारीं मीं फळ्यावर कलमें लिहिलीं नाहींत. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची गोष्ट सांगितली. पुत्र झाल्यास तो तुलाच अर्पण करीन, असा नवस राजा हरिश्चंद्रानें वरुणाला केला. पुत्र झाला, त्याचें नांव रोहित. तो मोठा झाला आणि मरण्याचें नाकारून अरण्यांत निघून गेला. तेथें त्याला भुकेनें व्याकुळ झालेला अजीगर्त नांवाचा ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे होते. आपल्या बदलीं एक मुलगा द्यावा म्हणून रोहितानें शंभर गाई देऊं केल्या. बापानें थोरल्याला जवळ धरलें, आईनें धाकट्याला. मधला शुनःशेप विकला गेला. यज्ञांत त्याला यूपाला बांधावयास कोणी तयार होईना, तेव्हां बापच आणखी शंभर गाईंवर बांधावयास तयार झाला. मारावयासही कोणी पुढें येईना, तेव्हां तिसऱ्या शंभर गाईंसाठीं बापच शस्त्र परजीत आला. शुनःशेपानें देवांची स्तुति केली आणि त्याचे पाश गळून पडले. मग बाप त्याला परत मागूं लागला. मुलानें त्याच्याकडे जाण्याचें नाकारलें. विश्वामित्रानें त्याला पुत्र मानलें व देवरात हें नांव दिलें.

वर्ग शांत झाला होता. मीं विचारलें, “यांत दोष कोणाचा?” एक म्हणाला, बापाचा. दुसरी म्हणाली, राजाचा. नवस त्यानें केला होता. तिसरा म्हणाला, रोहिताचा. आपला जीव वांचवायला त्यानें दुसऱ्याचा विकत घेतला. मागच्या बांकावरील पवन मावळांतला एक मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, भुकेचा.” आणि शेवटीं एका मुलीनें विचारलें, “पण शुनःशेपाला कोणी विचारलें होतें का?”

कायद्यांत याहून अधिक कांहीं नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांस मनाई केली आहे. २००० सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें या विषयावर जो करार केला, आणि ज्यास भारतानें २०११ सालीं मान्यता दिली, त्यांत अपव्यापाराचीं तीन अंगें सांगितलीं आहेत: माणसाला मिळविणें, नेणें किंवा ठेवून घेणें, ही कृति, धाक, फसवणूक, पैसा किंवा असहायतेचा फायदा, हें साधन, आणि त्याच्या शरीराचें वा श्रमाचें शोषण, हा हेतु. मूल अठरा वर्षांच्या आंतील असेल तर साधन कोणतें वापरलें हें पाहण्याचेंही कारण नाहीं. २०१३ सालीं भारतीय दंडसंहितेच्या ३७० व्या कलमांत ही व्याख्या आली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें १४३ वें कलम तेंच सांगतें. पीडिताची संमति होती ही सबब तेथें चालत नाहीं. “ती आपण होऊन गेली,” हें जें वाक्य आपण इतक्या सहज बोलतों, त्याला कायद्याच्या दारांत किंमत नाहीं.

हें पाप परदेशांतून आलें असेंही कोणी समजूं नये. पेशवाईंत कुणबिणी विकत घेतल्या जात. त्यांच्या किमती दप्तरांत नमूद आहेत. १८४३ च्या कायद्यानें गुलामगिरीस असलेला कायद्याचा आधार काढून घेतला. म्हणजे ज्या पुण्याचा आपण अभिमान बाळगतों, त्याच पुण्यांत माणसांना भाव होता, आणि तो चांगल्या घरांतून दिला जात होता.

मुलांच्या कल्पनेंत पळवून नेणारा मनुष्य काळ्या गाडींतून, तोंडाला फडकें बांधून येतो. त्यांना सांगावें लागलें कीं, तो पुष्कळदां ओळखीचा असतो: नात्यांतली मावशी, शेजारचा दादा, फोनवर चार महिने गोड बोलणारा मित्र, हुंडा न मागतां लग्नाला तयार असलेलें दूरच्या प्रांतांतलें स्थळ. मुलगेही यांत सांपडतात. हॉटेलांत, कारखान्यांत, भट्टीवर. म्हणून चार प्रश्न आम्हीं त्यांच्याकडून वहींत लिहून घेतले. नेणाऱ्याचें खरें नांव व पत्ता घरांतल्या दोन माणसांना ठाऊक आहे काय? कामाची जागा, वेळ व पगार कागदावर आहे काय? आपलीं कागदपत्रें व फोन आपल्याच हातीं राहणार काय? आणि न आवडल्यास त्याच दिवशीं परत येतां येईल काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर पहिल्या तिहींचीं उत्तरें कितीही गोड असलीं तरी जाऊं नये.

घरांतला धाक

दुसरा विषय अधिक अवघड. कारण तो वर्गांत बसलेल्या कांहीं मुलांनीं त्याच सकाळीं पाहिलेला असतो. समुपदेशक बाईंनीं मला तीन नियम घालून दिले. वर्गासमोर कोणीही स्वतःच्या घरची गोष्ट सांगावयाची नाहीं. गोष्ट नेहमीं परक्या माणसाची. कोणी एकटें येऊन सांगूं लागलें तर ऐकावें, खोदून विचारूं नये. आणि ‘मी कोणाला सांगणार नाहीं’ असें वचन देऊं नये. कारण बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणें असा अपराध कळल्यावर तो पोलिसांना कळविणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. शाळांतून मुलींच्या सुरक्षिततेसाठीं सखी सावित्री समित्या असाव्यात असा शासननिर्णय २०२२ सालीं झाला. समिती कागदावर राहूं नये म्हणून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनीं तिच्यापुढें एक कुलुपाची पेटी ठेवली, आणि मुलांनीं निनांवी चिठ्ठ्या टाकाव्यात असें सांगितलें.

पेटींतल्या पहिल्याच चिठ्ठीनें मला निरुत्तर केलें. “चुकलें म्हणून मारलें, असें आमची आईच म्हणते. मग तो गुन्हा कसा?” चिठ्ठी लिहिणारा एकटा नव्हे. २०१९ ते २०२१ मधील पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेकडा २५ जणींनीं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचें सांगितलें; आणि देशभरांत शेकडा ४५ स्त्रिया व ४४ पुरुष यांनीं, कांहीं ना कांहीं कारणासाठीं नवऱ्यानें बायकोला मारणें योग्य असतें, असें उत्तर दिलें. येथें पुरुषांहून स्त्रियांचा आंकडा रेंसभर अधिकच आहे, हें वाचून मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. ज्या घरांत आई मार खाते आणि त्याचें समर्थनही करते, त्या घरांतला मुलगा काय शिकतो आणि मुलगी काय शिकते, हें सांगणें नलगे.

मीं वर्गाला विचारलें, “माझी चूक झाली म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनीं मला थोबाडींत मारली तर चालेल का?” मुलें हंसलीं. मग एक मुलगी उभी राहून म्हणाली, “गुरुजी, मग शिक्षक मुलांना मारायचे तें?” २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे, हें मला सांगतां आलें असतें. पण ती कायदा विचारीत नव्हती. मीं सांगितलें, “मीही छडी वापरली आहे. मुलें त्यानें शिकलीं असें मला वाटे. तीं भीत होतीं, एवढेंच खरें.” वर्गांत कोणी बोललें नाहीं, पण त्या दिवसानंतर पेटींत चिठ्ठ्या वाढल्या.

पुढें आम्हीं कायदा समजावून दिला. १९८३ सालीं दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम आलें. विवाहित स्त्रीचा छळ हा त्यानें गुन्हा ठरला, आणि तीच तरतूद आतां न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. परंतु नवऱ्याला तुरुंगांत घालावें अशी पुष्कळ स्त्रियांची इच्छा नसते. मार थांबावा आणि डोक्यावरचें छप्पर राहावें, एवढेंच त्या मागतात. त्यासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. हिंसेचे चार प्रकार त्यानें मानले: शरीराची, लैंगिक, शब्दांनीं व मनानें केलेली, आणि पैशाची. मिळकत काढून घेणें, घरखर्च अडवून धरणें, स्त्रीधन विकणें, हीही हिंसाच. संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे किंवा सरळ दंडाधिकाऱ्याकडे जातां येतें. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकालीं काढण्याचा प्रयत्न व्हावा, असें कायदा म्हणतो. संरक्षणाचा हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड होतो.

या मासिकाच्या वाचकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. हा कायदा केवळ नवरा-बायकोपुरता नाहीं. एकत्र कुटुंब हा शब्द त्याच्या व्याख्येंतच आहे. विधवा काकू, माहेरीं राहिलेली आत्या, अविवाहित बहीण, वृद्ध आई, या सर्वांना त्याचें संरक्षण आहे. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, तक्रार केवळ प्रौढ पुरुषांविरुद्ध नव्हे, स्त्रियांविरुद्धही चालेल. आणि २०२० सालीं ठरविलें कीं, घर सासऱ्याच्या नांवावर आहे एवढ्यावरून तेथें संसार केलेल्या सुनेचा राहण्याचा हक्क नाहींसा होत नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांतून ज्या आत्याबाई जन्मभर माजघराच्या कोपऱ्यांत बसल्या, त्यांच्यासाठीं हें उशिरां आलें, पण आलें.

मुलींना आम्हीं रखमाबाईंची हकीकत सांगितली. बालपणीं लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें. १८८४ पासून मुंबईच्या न्यायालयांत दावा चालला. १८८७ सालीं, नवऱ्याकडे जा नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला, तेव्हां त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं तडजोड झाली. पुढें त्या विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या व सुरतेंत आणि राजकोटांत त्यांनीं स्त्रियांची सेवा केली. त्या वेळीं आपल्याच पुण्यांतील थोरामोठ्यांनीं त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला होता, हेंही आम्हीं लपविलें नाहीं.

आणि मुलगे? केवळ मुलींना सावध करणें म्हणजे चोराला मोकळें सोडून दाराला कडी घालण्यासारखें आहे. मुंबईंत १९९३ सालीं पुरुषांनींच ‘मावा’ ही संस्था हिंसेविरुद्ध काढली. हरीश सदानी यांनीं तरुण मुलग्यांशीं बोलण्याचें काम तींतून वाढविलें. २००८ पासून मुंबईच्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींना एकत्र बसवून स्त्रीपुरुषसमतेचे पाठ देण्याचा प्रयोग झाला. आमच्या वर्गांतही मुलग्यांना आम्हीं आठवडाभर एकच काम दिलें: घरांत सकाळीं सर्वांत आधीं कोण उठतें आणि शेवटीं कोण जेवतें, तें लिहून आणा. उत्तरें सर्व घरांचीं सारखींच आलीं. एका मुलानें खालीं लिहिलें होतें, “मीं आईला आज आधीं वाढलें. ती रडली. मला कारण कळलें नाहीं.” त्याला कारण सांगण्याची जरूर मला वाटली नाहीं.

पेटींतली चिठ्ठी

गेल्या वर्षीं श्रावणांत पेटींत एक चिठ्ठी निघाली. ओळख पटूं नये म्हणून तपशील बदलून सांगतों. कायद्यालाही तेंच मान्य आहे. “माझ्या बहिणीला मुंबईला कामाला नेणार. ती सोळा वर्षांची आहे. त्या माणसानें वीस हजार दिलेत. ती रात्रीं रडते.” अक्षर मुलाचें होतें. मीं काठी उचलली आणि वाडीवर जाऊन बापाला चार शब्द सुनवावेत म्हणून निघालों. चाळीस वर्षांची संवय. मुख्याध्यापिकाबाईंनीं मला फाटकाशीं अडविलें. त्या म्हणाल्या, “गुरुजी, आज तुम्ही गेलांत तर उद्यां ती मुलगी येथें नसेल. आणि चिठ्ठी कोणीं लिहिली, हें बापाला कळायला किती वेळ लागेल?”

त्या बरोबर होत्या. त्यांनीं १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फिरविला. प्रकरण बालकल्याण समितीकडे गेलें. दोन दिवसांनीं अधिकारी व पोलीस वाडीवर गेले, आणि अनेक घरीं चौकशी केली, जेणेंकरून एकाच घरावर बोट राहूं नये. नेणारा मनुष्य पुन्हां आला नाहीं. मुलगी गेली नाहीं. सध्यां ती १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची तयारी करीत आहे.

सर्व गोड झालें असें मात्र नाहीं. बाप आमच्यावर रुष्ट आहे. घेतलेले पैसे परत करण्याचें कारण नाहीं, असें अधिकाऱ्यांनीं त्याला समजाविलें, तो म्हणाला, “घेतलेलं बुडवायचं आमच्या घरांत नाहीं.” तो ते पैसे थोडे थोडे बाजूला टाकतो आहे. ज्याला आपण मुलगी विकणारा म्हणूं, त्याचा प्रामाणिकपणा असा आहे. आणि त्या प्रामाणिकपणावरच मुकादमाचा सबंध धंदा उभा आहे. मागच्या बांकावरच्या मुलानें सांगितलेलें उत्तर मला त्या दिवशीं पुरतें कळलें.

आपल्या घरचा हिशेब

माझ्या वडील बंधूंच्या शंकेचें उत्तर मला आतां देतां येतें. आम्हीं मुलांना वाईट गोष्ट शिकविली नाहीं; ती त्यांना ठाऊकच होती. आम्हीं तिला नांव दिलें, आणि ती कोणाला सांगावी तें सांगितलें. ज्याला नांव नाहीं त्याची तक्रार करतां येत नाहीं. वहिनींच्या प्रश्नाचेंही उत्तर आहे. गोष्ट बाहेर काढल्यानें घर मोडत नाहीं. तें मोडलेलें असतें, म्हणून गोष्ट बाहेर येते.

पण एक हिशेब उरतो. मावळांतून नेलेलीं मुलें जातात कोठें? सर्वच कांहीं काळोख्या वस्तींत जात नाहींत. १९६७ च्या सुमारास पुण्यांत पेठेंतल्या आमच्या वाड्यांत मावळांतून आणलेली एक मुलगी होती. वय दहा-अकरा असेल. कोणीं विचारलें नव्हतें. ती भांडीं घाशी, मुलें खेळवी, सर्वांच्या मागून जेवी आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं निजे. ‘अगदीं घरच्यासारखी आहे,’ असें आम्ही पाहुण्यांना सांगत असूं. एकदां चांदीची वाटी हरवली. तिला मार बसला. पुढें चार दिवसांनीं वाटी हौदांत सांपडली. वाटी घांसून फडताळांत गेली. मुलीला कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या वेळीं मी तिच्याच वयाचा होतों, आणि पाठांतराबद्दल मला त्याच आठवड्यांत बक्षीस मिळालें होतें.

चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास व हॉटेलांत ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें त्या वयाच्या मुलांना कोणत्याही धंद्यांत मजुरीस ठेवणें गुन्हा ठरला. तरीही ‘गांवाकडची मुलगी’ पाहून देणारीं माणसें आणि ती ठेवून घेणारीं सुशिक्षित घरें नाहींशीं झालेलीं नाहींत. मुकादम वाडींत येतो, कारण शहरांत कोणी तरी दार उघडून उभें असतें. त्या दारांत आपण उभे नाहीं ना, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.

तेव्हां वाचकांस विनंति इतकीच. आपल्या शाळेंत हा तास होतो कीं नाहीं, तें विचारा. होत नसेल तर मुख्याध्यापकांना भेटून मागा. फोनजवळच्या भिंतीवर चार क्रमांक लिहून ठेवा: मुलांसाठीं १०९८, स्त्रियांसाठीं १८१, तांतडीच्या मदतीसाठीं ११२, आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठीं १५१००. ते आपल्या घरच्या माणसांना जितके दिसावेत, तितकेच आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईलाही दिसावेत.

आमच्या शाळेंत आतां नवा परिपाठ पडला आहे. मूल सलग तीन दिवस आलें नाहीं कीं वर्गशिक्षक चौकशी करतो, आणि उत्तर वहींत लिहितो. ‘मुंबईला गेली’ एवढें उत्तर पुरेसें मानलें जात नाहीं. कोणाबरोबर, कोणाकडे, आणि तिच्याशीं फोनवर कोण बोललें, हें लिहावें लागतें. त्या वहीची तपासणी माझ्याकडे आहे. १९९१ सालीं ही वही असती तर एक नांव खोडण्यापूर्वीं मला तीन प्रश्न विचारावे लागले असते. तेवढ्यानें काय झालें असतें, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. पण ते विचारले गेले असते.